मोकळं कपाळ

कस्तुराबाईंनी शब्द दिला तो सरूबाईच्या अंगणात, घोंगडीवर बसून, ताक पिता पिता. इतक्या सहज दिला, की जणू कुणी पाणी मागावं आणि आपण तांब्या पुढं करावा.

"तुमच्या पोरीच्या कुंकवाला आणि बांगडीला कुणी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. "माझा शब्द समजा."

सरूबाईनं मान डोलावली. शेजारी तिचा व्याही भिमाजी बसला होता, त्यानंही ऐकलं. आणि गंगी गेली मिशनच्या बोर्डिंगात.

आंदर मावळातली ती वाडी. खाली भातखाचरं, वर रान, आणि वैद्य म्हणाल तर डोंगर उतरून दिवसभराच्या वाटेवर. गंगीचं लग्न आठव्या वर्षीच झालेलं, पलीकडच्या वाडीतल्या भिमाजीच्या नथूशी. नांदायला अजून जायची होती. मधेच नथूची थोरली बहीण बाळंतपणात अडली. झोळी करून माणसांनी खांद्यावर घेतली, पण वाटेतच तिनं मान टाकली. त्या दु:खात भिमाजीच म्हणाला, की ही मडमांची बाई गंगीला न्यायला मागती तर जाऊ द्या, सुईणीचं काम शिकून येईल, वाडीतल्या बाया तरी वाचतील. नथूही कबूल होता. घाटात रेल्वेच्या गँगमध्ये काम करायचा, चार माणसं पाहिलेली होती त्यानं. अडून बसली होती ती एक सरूबाई. तिचं म्हणणं एकच: शिकवा, वाचवा, काय वाट्टेल ते करा, पण पोर सवाशीण आहे, ती सवाशिणीसारखीच राहिली पाहिजे.

आता असा शब्द देणाऱ्या कस्तुराबाई कोण? तर त्या जेजुरीकडच्या सोनाराच्या घरातल्या. कपाळ मोकळं झालं तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. पुढचं सांगत नाही, त्या काळच्या घरांमधून काय व्हायचं ते ठाऊक आहे सगळ्यांना. मिशनच्या दारात आल्या तेव्हा अंगावर हाडं होती आणि लुगडं होतं. मिशननं त्यांना खायला दिलं, अक्षर दिलं, नाव विचारलं; पुढं त्या तिथंच बोर्डिंगातल्या मुली सांभाळायला राहिल्या. म्हणून पांढरं पातळ आणि मोकळं कपाळ त्यांना कधी बोचलं नाही. बोर्डिंगातल्या सगळ्याच बाया तशा राहणाऱ्या, त्यांच्यात आपण विधवा आहोत हे कुणाला ओळखूही येत नाही. त्यांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. तीस वर्षांत एकदाही नाही.

बोर्डिंगात दोन वर्षं शब्द पाळला गेला. तिथली जुनी मडम डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायची. गंगीच्या कपाळावर चंद्रकोर असे, हातात हिरव्या बांगड्या असत, आणि लुगड्याचा काष्टा घट्ट मारून ती विहिरीचं पाणी अशी ओढायची की बाकीच्या पोरी तोंडात बोट घालायच्या. हुशार तर इतकी, की आजारी मुलीच्या उशाशी कस्तुराबाईंच्या आधी ही जाऊन बसलेली. कस्तुराबाईंना स्वत:चं मूलबाळ नव्हतं. त्यांचा जीव या पोरीत अडकला, आणि तसं कबूल करायलाही त्या लाजत.

मग त्या उन्हाळ्यात लोणावळ्याला शिबिर भरलं.

पुण्याच्या, शिरूरच्या, नगरच्या बोर्डिंगातल्या मोठ्या मुली आणि कॉलेजातली ख्रिस्ती मुलं. मुलींचा मुक्काम एका पारशाच्या बंगल्यात, मुलांचा रस्त्याच्या पलीकडं तंबूंत. शिबिराच्या मुख्य होत्या नव्या आलेल्या मिसबाई. माणूस वाईट नव्हत्या हो, पण मराठी पुस्तकातून शिकलेल्या आणि नियम त्याच पुस्तकात बांधून आणल्यासारखे. व्हरांड्यात कागद लावला. मुलींनी पांढरंच पातळ नेसावं, गोल नेसावं, घोट्यापर्यंत यावं, काष्टा नको. पदर खांद्याला टाचावा. चोळीची बाही कोपरापर्यंत. कपाळावर खूण नको, हातात काच नको, केसांत फूल नको. बाजारात एकटीनं जायचं नाही. मुलांशी बोलायचं तर मोठ्या बाईसमोर, आणि तेही कामापुरतं. प्रार्थनेला जाताना दोघीदोघींची रांग. मोठ्यानं हसायचं नाही असंही त्यात होतं! पोरींनी तो नियम वाचला आणि तिथल्या तिथं मोठ्यानं हसल्या.

"या शिबिरातून परिचारिकेच्या शिक्षणासाठी दोन कन्या निवडावयाच्या आहेत," मिसबाई म्हणाल्या. "ज्या कन्येस येथील नियम पाळता येत नाहीत, तिला रुग्णालयाचे कसे पाळता येतील?"

यात खोटं काय होतं? काही नाही.  पण कस्तुराबाईंची नजर गंगीकडं गेली. गंगी भिंतीला टेकून उभी, काष्टा मारलेली, कपाळावर चंद्रकोर, आणि मिसबाई तिच्याकडंच बघत होत्या.

तेव्हा बोलायचं होतं. उठून एवढंच सांगायचं होतं, की या पोरीच्या आईला मी शब्द दिलाय, हिला यातून सूट द्या. पण कस्तुराबाईंचा स्वभाव असा, की कुणाकडं काही मागायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. लहानपणी मागितलं की मिळायच्या त्या शिव्याच. त्यामुळं त्यांनी मागणं सोडून दिलेलं आणि आपल्यापुरतं निभावून न्यायला शिकलेल्या. त्यांनी मनाशी ठरवलं: चार दिवसांचा तर प्रश्न आहे. वाडी कुठं, लोणावळं कुठं. निवड झाली की कासाराकडून नव्या बांगड्या भरू, पोर जशीच्या तशी घरी नेऊन दाखवू. कुणाला कळतंय?

संध्याकाळी न्हाणीघरात त्यांनी स्वत:चं धुतलेलं पातळ गंगीला नेसवलं. गोल नेसून ती दोन पावलं चालली आणि अडखळली.

"पाय बांधल्यावानी वाटतंय, बाई."

"होईल सवय."

कुंकू त्यांनी ओल्या पदरानं पुसलं.  बांगड्या मात्र निघेनात. साबण लावला, तेल लावलं. पोरीचे पंजे कामानं रुंद झालेले, काच मनगटाच्या पुढं सरकेना. कस्तुराबाईंनी पोरीच्या हातावर पंचा गुंडाळला आणि न्हाणीच्या दगडावर हात धरला.

"बाई," गंगी म्हणाली, "नथू जित्ता हाय."

"अगं वेडे, काचेनं कुणी जगत नाही की मरत नाही. तुला नर्स व्हायचंय ना?"

"व्हय."

"मग मान तिकडं कर."

काच फुटली. गंगीनं तुकडे स्वत:च्या हातानं वेचले, पंच्यात बांधले आणि तो पंचा छातीशी धरून उभी राहिली. तिला रडू आलं नव्हतं. ते पाहून कस्तुराबाईंचा जीव भांड्यात पडला. किती समजूतदार आहे पोर, त्यांना वाटलं.

शिबिर छान चाललं. गंगीनं भाजलेल्या हातावर पट्टी बांधून दाखवली, ताप मोजायला शिकली, आणि रांगेत चालताना अडखळायचीही थांबली. मिसबाईंनी तिचं नाव दोनदा घेतलं. कस्तुराबाई मनात म्हणत, बघा, झालं की नाही निभावून.

बाजाराचा दिवस उजाडला. करवंदांचा हंगाम. डोंगरातल्या बाया पाट्या घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला यायच्या, हवा खायला आलेली साहेबमंडळी घ्यायची. दरसाल सरूबाई वडगावच्या बाजाराला जायची. यंदा पोर लोणावळ्याला आहे असं कानावर आलं म्हणून ती इतकी वाट तुडवत इकडं आली. हे मात्र कस्तुराबाईंच्या हिशेबात नव्हतं. आई पोरीला बघायला येईल, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही. येणार कशी? त्यांना बघायला कधी कुणी आलं होतं?

संध्याकाळच्या प्रार्थनेला मुलींची रांग बंगल्यातून बाहेर पडली. पांढरी पातळं, मोकळी कपाळं, खाली घातलेल्या माना. पलीकडून मुलं आपल्या रांगेत येत होती. सरूबाई कुंपणाच्या बाहेर पाटी घेऊन उभी होती. आधी तिला वाटलं, ही कसली रांग? एवढ्या पोरींवर एकदम आभाळ कोसळलं की काय? आणि मग त्या रांगेत तिला तिची गंगी दिसली.

पाटी पडली. सरूबाईनं दोन्ही हातांनी ऊर बडवून घेतला.

"नथू गेला गं! माझा जावई गेला! अगं माझ्या सोन्या, मला कुणी सांगावा धाडला न्हाई गं!"

रांग मोडली. मुलं थबकली, मिसबाई धावत आल्या. करवंदं रस्त्यावर घरंगळत होती आणि सरूबाई मातीत बसून जावयाचं नाव घेऊन रडत होती. ऐकणाऱ्याच्या काळजाला घरं पडतील असं रडत होती ती. गाडी अंगावर गेली का, घाटातला दगड पडला का, एकेक विचारत होती. गंगी नियम-बियम विसरून कुंपण ओलांडून आली आणि तिनं आईचे हात धरले.

"आय, आय, ऐक. नथूला काय न्हाई झालं. धडधाकट हाय त्यो."

सरूबाईचं रडणं बंद झालं. तिनं पोरीच्या कपाळावरून बोट फिरवलं. मग मनगटं उलटीसुलटी करून पाहिली.

"मग कोन मेलं?" तिनं विचारलं.

गंगीनं मान वळवून कस्तुराबाईंकडं पाहिलं. बाई काहीतरी म्हणतील म्हणून पाहिलं.  कस्तुराबाई उभ्या जागी मूग गिळून राहिल्या.

सरूबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं शिवी दिली नाही की शाप दिला नाही. उठली, पोरीचा हात धरला आणि चालू लागली. थोडं पुढं गेल्यावर गंगी थांबली, त्या पांढऱ्या पातळाचा ओढूनताणून कसाबसा काष्टा मारला आणि आईच्या मागं झपाझपा निघाली. 

रात्री मिसबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं आणि सगळं विचारून घेतलं. कस्तुराबाईंना वाटलं, आता शब्द दिल्याबद्दल बोलणी बसणार. 

"आपण मला हे अगोदर का सांगितले नाही?" मिसबाई म्हणाल्या. "वचन हे वचन आहे. मी त्या कन्येस सूट दिली असती."

 कस्तुराबाई खोलीबाहेर आल्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून पदरात तोंड घालून रडल्या. एक वाक्य होतं हो. एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी पोरीचे हात दगडावर धरले, असं पुन:पुन्हा त्यांच्या मनात येत राहिलं.

मिसबाईंनी एक केलं. गंगीची जागा शिबिर संपेपर्यंत कुणाला दिली नाही. "तुम्ही जा आणि तिच्या मातेची क्षमा मागा," त्या म्हणाल्या. म्हणजे दार अजून उघडं होतं.

शिबिर आवरायच्या आधी कस्तुराबाई गाडीनं कामशेतला उतरल्या आणि पायी निघाल्या. वाटभर त्यांनी स्वत:ला पढवलं: पाय धर म्हणाली तर पाय धरायचे. काही म्हणजे काही मागं ठेवायचं नाही. पोर परत आणायची.

सरूबाईच्या अंगणात माणसं होतीच. वाडीवर असली गोष्ट लपते थोडीच? भिमाजी आलेला, आणखी दोघंतिघं जाणती. गंगीचा बाप रानात गुरांकडं गेलेला. गंगी दारात उभी, पुन्हा हिरव्या बांगड्या भरलेली, कपाळ मात्र अजून मोकळंच. कस्तुराबाई अंगणात आल्या त्या थेट सरूबाईपुढं वाकल्या.

"चुकले मी. शब्द मोडला. मला माफ करा, पण पोरीचं शिक्षण मोडू नका."

सरूबाईनं त्यांना वाकू दिलं नाही. दंडाला धरून उभं केलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग निवळला होता, आणि खरं सांगायचं तर तिलाही पोर शिकायलाच हवी होती. तिनं आतून कुंकवाचा करंडा आणला.

"इवाई म्हनत्यात, आता पोर नांदायला धाडा," ती म्हणाली. "मी त्यास्नी म्हनलं, थांबा. बाई येत्यात का बघू. तुमी आला, लय बरं केलंत. मी पोरीचं कपाळ तसंच ठिवलंय. ज्या हातानं पुसलंत त्या हातानं लावा, समद्यांम्होरं. म्हंजी तुमच्या मनात काय वाईट न्हवतं, हे लोकांस्नी दिसंल. मग न्या पोर. काय, इवाई?"

"माझं काय म्हननं न्हाई," भिमाजी म्हणाला. "बाईनं लावलं का झालं."

एवढंच मागणं! कस्तुराबाईंना हायसं वाटलं. मिशनचा नियम? गेला खड्ड्यात. देव काय चिमूटभर कुंकवासाठी रागावून बसणार होता? त्यांनी करंडा हातात घेतला, झाकण काढलं. गंगी पुढं आली, डोळे मिटून तोंड वर करून उभी राहिली.

आणि बोट कुंकवात बुडणार, तोच कस्तुराबाईंना ती दुपार आठवली. चुलत बहिणीचं लग्न, सोनारआळीतलं घर, आणि आपण अकरा वर्षांच्या. नवरी एकटी बसलेली बघून खेळता खेळता आपण तिला कुंकू लावलं. काकूनं बघितलं आणि फरफटत माडीवर नेऊन कोंडलं. त्याच साली त्या बहिणीचा नवरा गेला. सगळ्या आळीनं सांगितलं, या पांढऱ्या पायाच्या कार्टीनं हात लावला म्हणून गेला.

खोटं होतं ते. तीस वर्षं त्यांनी वाडीवाडीवर जाऊन बायांना हेच समजावलं होतं, असलं काही नसतं. पण बोट खाली जाईना. नथू घाटात आहे, त्यांना वाटलं, रुळांवर काम करतो, वरून दरडी येतात. आणि माझा हात.  त्यांनी करंडा दुसऱ्या हातात घेतला, पुन्हा पहिल्या हातात घेतला. अंगणातली माणसं बघत होती.

सांगायला हवं होतं. पण आपण कोण आहोत हे या अंगणात, सवाशिणींच्या देखत उघडं करायचं? तीस वर्षांत प्रथम? जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच. त्यांनी करंडा झाकण न लावताच सरूबाईच्या हातात परत दिला.

"मला नाही जमणार," त्या म्हणाल्या.

सरूबाईचा चेहरा बघवेना.

"आमच्या कुंकवाचा विटाळ हुतो व्हय तुमास्नी?" ती हळू म्हणाली. "मला वाटलं, तुमी चुकला. तुमी चुकला न्हवता, बाई. तुमास्नी आमचं कुंकूच वंगाळ वाटतंय." मग ती वळली. "इवाई, तुमच्या मनाजोगं हू द्या. येत्या आइतवारी पोर तुमच्या घरी धाडते. शबूद देते."

भिमाजीनं मान डोलावली. बसलेली माणसं उठली. सरूबाईनं पोरीला जवळ ओढून आपल्याच बोटानं कपाळभर कुंकू लावलं आणि आत गेली.

ओढ्यापर्यंत पोचवायला गंगीच आली. आलेल्या माणसाला एकटं कसं सोडायचं म्हणून आली. ओढ्यात पाणी नव्हतं, नुसते दगड. तिथं कस्तुराबाईंना राहवलं नाही.

"गंगे, विटाळ नाही गं. मी विधवा आहे. तुझ्याएवढी पण नव्हते तेव्हापासून. माझ्या हातानं तुझ्या नथूला काही झालं असतं तर?"



"बाई, एवढं सांगायचं व्हतं की," गंगी म्हणाली. "आय म्हनली असती, मग ऱ्हाऊ द्या, मी लावते. आन तुमच्यासंगं धाडली असती मला."

कस्तुराबाई मागं वळल्या. पातळाचा घोळ हातात धरून चढ चढायला लागल्या. "चल. आत्ताच्या आत्ता सांगते. सगळ्यांच्या देखत सांगते."

गंगी जागची हलली नाही.

"आता न्हाई उपेग, बाई. आयनं इवायाला शबूद दिला. ती न्हाई मोडायची."

हे ती रागानं म्हणाली नाही. तिच्या मनात टोमणा नव्हता, आईचं जसं आहे तसं तिनं सांगितलं. मग वाकून तिनं बाईंच्या पायांना हात लावला आणि गुरांची वेळ झाली म्हणून वाडीकडं निघून गेली. कस्तुराबाई ओढ्यातल्या दगडावर बसल्या. कामशेतची गाडी चुकणार हे त्यांना कळत होतं, पण उठवत नव्हतं.